जिभेवरचा चिमटा

महासाथीच्या दिवसांत घरोघरी बोटाला लावायचे ते ऑक्सिजनचे चिमटे आले आणि माझ्या निवृत्तीचं सुख संपलं. भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या एका बाईंचा फोन आला की त्यांच्या पग जातीच्या कुत्र्याचा ऑक्सिजन एकाहत्तर दाखवतोय, आता काय करू? मी विचारलं, चिमटा कुठे लावलाय? तर पंजाला. केसाळ, काळ्या, माती लागलेल्या पंजाला. मग विचारलं, कुत्रा आत्ता काय करतोय? म्हणाल्या, बिस्किट खातोय. मी सांगितलं, ऑक्सिजन एकाहत्तरवर गेलेला कुत्रा बिस्किट खात नाही, तो आडवा पडून तोंडानं हवा ओढतो. चिमटा काढा आणि त्याला दुसरं बिस्किट द्या. बाई दुखावल्या. कुत्रा बरा आहे हे त्यांना ऐकायचंच नव्हतं. आणखी एका गृहस्थांनी पोपटाच्या पायाला चिमटा लावून अठ्ठ्याण्णव आकडा मिळवला होता आणि ते फार खुशीत होते. पुढच्या वाक्यात कळलं की पोपटाच्या पायाखाली त्यांचं स्वतःचंच बोट होतं.

मला या लोकांचं नवल वाटलं नाही. आकड्यापुढे हात जोडणारी माणसं मी नोकरीभर पाहिली. फरक इतकाच, की ती मोठ्या पगाराची होती.

मी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, मी जबलपूरला पशुवैद्यकी शिकले आणि सोनागिरीच्या बाजूच्या त्या टाउनशिपमध्ये लागले. कारखान्याला जनावरांचा दवाखाना कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. पूर्वी क्वार्टरांमागे लोक गाई-म्हशी पाळत, त्यांच्यासाठी तो काढला होता. पुढे म्हशी गेल्या, दवाखाना राहिला. मग उरले सुरक्षा विभागाचे चार-दोन कुत्रे आणि साहेब लोकांचे पुष्कळ. टाउनशिपमध्ये माणसाची किंमत क्वार्टरच्या टाइपावरून ठरे, आणि कुत्र्याची माणसावरून. मोठ्या बंगल्यातलं कुत्रं शिंकलं तरी मला जीप येई. छोट्या क्वार्टरमधल्याचा पाय मोडला तर मालक त्याला सायकलच्या कॅरिअरवर, गोणपाटात गुंडाळून आणी आणि बंगलेवाल्यांच्या मागे रांगेत उभा राही.

या दवाखान्यात ऑक्सिजन मोजायचं तसलंच एक यंत्र आलं, तेव्हा अख्ख्या भोपाळमध्ये जनावरांसाठी तसलं यंत्र मी तरी दुसरं पाहिलं नव्हतं. हातात मावेल एवढा डबा, त्यावर छोटा पडदा, एक वायर, आणि वायरच्या टोकाला चिमटा. ते आणलं चिटणीससाहेबांनी. ते कल्याण विभागाचे प्रमुख. मूळचे पुण्याचे, बोलणं अगदी शुद्ध, आणि आपण इथे शिक्षा भोगायला आलो आहोत असा चेहरा. मार्च संपत आला होता आणि विभागाकडे खर्चायचं काही शिल्लक होतं, हे यंत्र येण्याचं खरं कारण. पण उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी मुक्या जिवांबद्दलची कळकळ सांगितली.

उद्घाटनाला नारळ होता, फीत होती आणि साहेबांचा लॅब्राडोर होता, सीझर. साहेबांनी फर्मावलं, लावा. मी आधीच सांगितलं होतं की जागा असलेला, शेपूट हलवणारा कुत्रा हा चिमटा धरू देत नाही. पण सांगणारी बाई आणि तीही जनावरांची डॉक्टर, म्हणजे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. सीझरच्या जिभेला चिमटा लावला, त्यानं तो चाटला, चावला आणि थुंकला. पडद्यावर नुसत्या रेघा. फोटोवाला खोळंबला होता. शेवटी साहेबांनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला, अठ्ठ्याण्णव आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्याच्या पत्रिकेत तो फोटो छापून आला: पुढे कुत्रा, मागे साहेब, आणि जनावरांच्या यंत्रात साहेबांचं बोट.

आता हे यंत्र करतं काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चिमट्याच्या एका बाजूनं प्रकाश निघतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा. तो पातळ कातडीतून आरपार जातो आणि रक्तानं त्यातला किती शोषला, यावरून रक्त ऑक्सिजननं किती भरलंय ते यंत्र सांगतं. सोबत नाडीचे ठोकेही सांगतं. माणसाचं बोट त्याला चालतं. कुत्र्याला केस असतात, कातडी काळी असते, म्हणून जीभ सगळ्यात बरी. ती नाही तर ओठ, नाही तर कान. पण जीभ हवी तर कुत्रा भुलीत हवा. म्हणजे हे यंत्र खरं ऑपरेशनच्या टेबलावरचं. जीभ कोरडी पडली की तिथेही ते उगाच घाबरवतं. ओल्या गॉजनं जीभ पुसायची, चिमटा जरा सरकवायचा की आकडा वर येतो. आणि पहिला नियम असा की आपलं बोट कुत्र्याच्या मांडीच्या आतल्या नाडीवर ठेवायचं. बोटाला लागणारे ठोके आणि पडद्यावरचे ठोके जुळले तरच ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघायचं. नाही जुळले तर यंत्र कुत्र्याबद्दल बोलतच नाहीये, भलत्याच कशाबद्दल तरी बोलतंय.

यंत्र सुरक्षित राहावं म्हणून साहेबांनी ते कल्याण विभागाच्या लोखंडी कपाटात ठेवलं. ऑपरेशन दवाखान्यात, यंत्र कपाटात, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते बाबू जेवायला. असं काही वेळा झाल्यावर मी एकदा नेलेलं यंत्र परत केलंच नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. कपाटाला कुलूप होतं, तेवढं त्यांना पुरेसं होतं.

आता पहलवानबद्दल. टाउनशिपच्या सोनागिरीकडच्या गेटजवळ, लहान क्वार्टरांत बोंद्रे नावाचा क्रेन ऑपरेटर राहत असे. वर्ध्याकडचा, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. त्याचा गावठी कुत्रा पहलवान. वासराएवढा आणि वासरासारखाच गरीब. बोंद्रे त्याला दरवर्षी न चुकता लस टोचायला आणी. पहलवान सुई टोचताना दुसरीकडे बघे, बस. पण त्याचा आवाज जबरदस्त होता. चिटणीससाहेब संध्याकाळी फिरायला निघत. एकदा पहलवान त्यांच्यावर भुंकला; चावला नाही, जागचा उठलासुद्धा नाही. साहेबांनी इस्टेट विभागाकडे तक्रार केली. बंगल्यात कुत्रा पाळायला परवानगी होती, लहान क्वार्टरांत नव्हती. हा नियम कोणी पाळत नव्हतं, पण होता. बोंद्रेला नोटीस आली, कुत्रा काढा नाही तर क्वार्टर सोडा.

साहेबांनी मला बोलावलं आणि कुत्रा धोकादायक आहे असं लिहून मागितलं. मी म्हटलं, मी त्याला ओळखते, तो निरोगी आहे आणि शांत आहे, तेवढं लिहून देते. ते म्हणाले, तसं लिहिलेलं कोणाच्या उपयोगाचं? ते खरंच होतं. खरं लिहिलेलं तिथे कोणाच्या उपयोगाचं नसे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी सीझरला दूधवाल्याच्या मोटारसायकलनं उडवलं. साहेब आणि त्यांच्या पत्नी मेधावहिनी त्याला गाडीतून घेऊन आले. सीझर स्वतःच्या पायांनी आत आला. कुठे जखम नाही, हाड मोडलेलं नाही. साहेब म्हणाले, जरा दचकलाय. मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. मांडीतली नाडी जोरात पळत होती आणि दोऱ्यासारखी बारीक लागत होती. तेवढ्यात तो फरशीवर बसला आणि मग आडवा झाला, जणू दमून झोपतोय.

मी म्हटलं, याच्या पोटात रक्तस्राव होतोय. साहेबांना ते पटेना. त्यांना एकाएकी ते यंत्र आठवलं. "ते लावा. आपल्याकडे साधन असताना अंदाजानं कशाला बोलायचं?"

लावलं. सीझर निपचित होता, त्यामुळे ओठावर चिमटा टिकला. बराच वेळ रेघा आल्या, मग आकडा उमटला. सत्त्याण्णव. ठोकेही माझ्या बोटाशी जुळले. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं.

"सत्त्याण्णव," साहेब म्हणाले. मुलाचा निकाल वाचावा तसा त्यांनी तो आकडा वाचला. "डॉक्टर, तुम्ही उगाच घाबरवलंत. घरी नेतो, विश्रांती मिळाली की ठीक होईल."

रईसभाई माझे सहायक होते. जुन्या भोपाळचे, कुत्र्यांना धरण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते सीझरचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मशीन कै रई है के कुत्ता ठीक है, और कुत्ता कै रिया है के मैं तो जा रिया हूँ।"

साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू खुर्ची बोलली. मला राग आला, पण रागानं सीझर वाचणार नव्हता. साहेबांना कळेल अशा भाषेत सांगायचं ठरवलं. कारखान्याच्या बसगाड्या त्यांच्याच विभागाखाली होत्या.

"साहेब, पहिल्या पाळीला तुमच्या सगळ्या बसगाड्या निघाल्या आणि वाटेत निम्म्याहून जास्त नाल्यात गेल्या," मी म्हटलं. "उरलेल्या गच्च भरून गेटवर आल्या. गेटवरचा माणूस प्रत्येक गाडीत डोकावतो आणि सांगतो, गाडी भरलेली आहे. तो खोटं बोलत नाही. पण कारखान्यात माणसं आहेत का? हे यंत्र तो गेटवरचा माणूस आहे. उरलेलं रक्त भरलेलं आहे, इतकंच ते सांगतंय. रक्त उरलंय किती, ते त्याला कळत नाही."

साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, कळलं. तर म्हणाले, "उदाहरण छान आहे. पण मला आता मीटिंग आहे, दिल्लीहून लोक आलेत. मी वाद घालत बसू शकत नाही."

मेधावहिनी पुढे आल्या. मी त्यांना नेहमी साहेबांच्या एक पाऊल मागेच पाहिलेलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा मीटिंगला. सीझर इथेच राहील."

आणि ते गेले. माझा विश्वास बसला नाही, पण गेले. गाडी वहिनींसाठी ठेवून ऑफिसच्या जीपनं जाताना, यंत्र नीट हाताळा, असं मला सांगून गेले.

मी सीझरच्या पोटात सुई घातली. सिरिंज लाल भरली. प्लीहा, म्हणजे पोटातला रक्त साठवणारा अवयव, फाटली असणार, पोट उघडायला हवं होतं. पण अंगात रक्तच नाही तर भूल देणार कशी? दुसऱ्या कुत्र्याचं रक्त हवं होतं, आणि कुत्रा मोठा, निरोगी, टोचलेला आणि अर्धा तास न हलता पडून राहणारा हवा होता. सुरक्षा विभागाचे कुत्रे तगडे होते, पण त्यांच्या मानेत सुई घालायची तर आधी त्यांनाच भूल द्यावी लागली असती. माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव होतं. मी वहिनींना ते सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. "त्याच कुत्र्याची तक्रार ह्यांनी केली," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, तोच. मी इथून हलू शकत नाही, रईसभाईंना घेऊन तुम्ही जा आणि विचारा. बोंद्रे नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे.

त्या गेल्या. मी सलाईन लावलं, टाउनशिपच्या माणसांच्या दवाखान्यातून रक्ताची रिकामी पिशवी मागवली आणि सीझरच्या मांडीवर बोट ठेवून बसले. शेजारी यंत्र सत्त्याण्णव दाखवत होतं. थोड्या वेळानं शहाण्णव. हे असंच शेवटपर्यंत पास दाखवत राहिलं असतं.

बोंद्रे दुसऱ्या पाळीत होता म्हणून घरी सापडला. साहेबांच्या गाडीच्या मागच्या सीटवर पहलवान आणि त्याच्या गळ्यात हात टाकून बोंद्रे, असे ते आले. बोंद्रेनं मला एकच विचारलं, "मॅडम, त्याले जास्त दुखंल का?" मी म्हटलं, नेहमीच्या सुईपेक्षा जाड सुई आहे, आणि आज संध्याकाळपर्यंत तो जरा सुस्त राहील, बस. "मंग घ्या," तो म्हणाला.

दोघांच्या रक्ताचे थेंब काचेवर मिसळून पाहिले, गुठळी झाली नाही. पहलवानला टेबलावर आडवं केलं, मानेवरचे केस काढले. रईसभाई पिशवी सांभाळत होते, मी सुई धरलेली, म्हणून डोकं धरायला माणूस हवा होता. मेधावहिनी पुढे झाल्या. त्यांनी आपल्या इस्त्रीच्या साडीवर ते भलंमोठं, धुळीनं भरलेलं डोकं घेतलं. सुई गेली तेव्हा पहलवान दुसरीकडे बघत होता. पिशवी भरू लागली.

वहिनींना राहवेना. "बोंद्रे," त्या म्हणाल्या, "ती नोटीस आमच्या घरच्या तक्रारीवरून गेलीय."

"मले मालूम आहे, बाईसाहेब," बोंद्रे म्हणाला. "तुम्ही डोकं धरा त्याचं नीट."

पहलवानचं रक्त सीझरच्या शिरेत जाऊ लागलं आणि हिरड्यांवर हळूहळू गुलाबी झाक आली. आता भूल देता येणार होती. घशात नळी घातली, ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला आणि ज्यासाठी ते यंत्र जन्माला आलं, तिथे ते लावलं: जिभेवर. पोट उघडलं, फाटलेली प्लीहा सापडली, रक्तवाहिन्या बांधल्या. सीझरला जरा कुशीवर वळवावं लागलं आणि तेवढ्यात रईसभाई म्हणाले, नंबर गिर रिया है. ब्याण्णव, नव्वद, सत्त्याऐंशी. जीभ ओली होती. नाडी जुळत होती. म्हणजे या वेळी ते खरं बोलत होतं आणि पूर्ण बोलत होतं. वळवताना नळी आत सरकली होती, एकाच फुप्फुसात हवा जात होती. नळी थोडी बाहेर ओढली आणि आकडा चढायला लागला. यंत्र नसतं तर ते मला जीभ निळी पडल्यावर कळलं असतं, आणि तेव्हा कदाचित उशीर झाला असता. तसल्या वेळी मी त्याला मनापासून मानते. यंत्राबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

संध्याकाळी साहेब आले. सीझर भुलीतून बाहेर येत होता, चिमटा अजून जिभेवर होता आणि पडद्यावर अठ्ठ्याण्णव. साहेबांनी वाकून आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी सकाळीच म्हटलं होतं."

मी हात धुवायला निघून गेले.

सीझर बरा झाला. आता ती नोटीस मागे घेतली जाईल, असं मला आपलं वाटलं होतं. वहिनींनी साहेबांना सांगितलं, मीही जाऊन सांगितलं. साहेबांनी खुर्चीवर बसवून चहा पाजला आणि समजावलं की कागद आता इस्टेट विभागात आहे, एकासाठी नियम वाकवला तर उद्या सगळेच कुत्रे पाळतील, आणि त्या दिवसाच्या उपकाराचा याच्याशी संबंध जोडणं बरं नव्हे, ते कर्मचाऱ्याच्या भावनेचा अपमान केल्यासारखं होईल. कर्मचाऱ्याची भावना त्यांनी त्याला विचारली नव्हती. बोंद्रेनं भांडण केलं नाही. त्यानं क्वार्टर सोडलं आणि भिंतीपलीकडे सोनागिरीत एक भाड्याची खोली घेतली. पहलवान तिच्या दारात बसून भुंकायला मोकळा झाला.

पुढे साहेबांची बदली झाली, पुण्याजवळ, हवी होती तशीच. ऑफिसर्स क्लबात निरोप समारंभ झाला. साहेबांनी भाषणात आपल्या कामांमध्ये ते यंत्र सांगितलं आणि सीझर त्या यंत्रामुळे वाचला असंही सांगितलं. टाळ्या झाल्या. मग रीतीप्रमाणे पत्नीनं दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. अशा वेळी बायका भोपाळ सोडताना जीव तुटतो असं म्हणतात आणि बसतात. मेधावहिनी उठल्या.

"सीझर यंत्रानं वाचला नाही," त्या म्हणाल्या. "यांनी तर यंत्र बघून त्याला घरीच न्यायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी अडवलं आणि क्रेन ऑपरेटर बोंद्रे यांच्या कुत्र्यानं रक्त दिलं. त्याच कुत्र्यासाठी आम्ही त्यांना क्वार्टर सोडायला लावलं. मला हे इथे सांगायचं होतं."

त्या बसल्या. कोणी तरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि एकटंच पडलं म्हणून थांबलं. साहेब पाण्याचा ग्लास बघत राहिले. मग जेवण लागलं आणि सगळे उठले. पनीर छान झालंय असं जो तो एकमेकांना सांगत होता. मी इतकी वर्षं या लोकांत काढली, पण ताटात तोंड लपवण्याची त्यांची तयारी मी त्या दिवशी नव्यानं पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी सोनागिरीला गेले. बोंद्रे आठवड्याची सुट्टी म्हणून घरी होता, दारात पहलवानचे कान साफ करत बसला होता. वहिनी काय बोलल्या ते मी त्याला शब्दन् शब्द सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकून त्याला बरं वाटेल. तो ऐकत होता, पण हात थांबले नव्हते. सगळं झाल्यावर म्हणाला, "बाई चांगल्या आहेत. त्या दिवशीच दिसलं होतं मले."

तेवढ्यात त्याची बायको हातपंपावरून पाण्याचा हंडा घेऊन आली. टाउनशिपमध्ये त्यांच्या स्वयंपाकघरात नळ होता. बोंद्रेनं तिला सांगितलं की मॅडम काय सांगून राहिल्या ते ऐक, साहेबाच्या बाईनं सगळ्यांसमोर आपलं नाव घेतलं. ती डोक्यावरचा हंडा तसाच धरून उभी राहिली आणि तिनं मला विचारलं, "मंग क्वार्टर वापस देऊन राहिले का?"

"नाही," मी म्हटलं.

"बसा, चहा मांडतो," ती म्हणाली आणि हंडा उतरवायला आत गेली.